गच्ची तापते, भिंत का तडकते? ग्वाल्हेरच्या घरांसाठी मोजणी, निदान आणि दुरुस्ती

ग्वाल्हेरमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांना एक तडा ओळखीचा असतो. छताच्या लगेच खाली, बाहेरच्या भिंतीवर, जमिनीला समांतर धावणारी ही रेघ रंगकामानंतर काही महिने दिसत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात, नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) सुरू होता होता, नेमकी त्याच जागी पुन्हा उमटते. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांपासून मुरारकडच्या नव्या वसाहतींपर्यंत सगळीकडे तिची कथा सारखीच आहे. मिस्त्री ती पुट्टीने भरतो, घरमालक पाया खचल्याची शंका घेतो, आणि उन्हात पडलेल्या स्लॅबचा विचार सहसा कोणीच करत नाही.

मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे ५ अंशांच्याही खाली उतरतो. समुद्रकाठच्या गावांना हवामानाचे एवढे मोठे अंतर सोसावे लागत नाही, त्यामुळे तिथे चालून जाणारी बांधकामाची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार एकच आहे: तापलेली वस्तू मोकळी असेल तर ती वाढते आणि निवल्यावर परत येते, तिला काही होत नाही; तिला कोणी अडवले तरच तिच्यात किंवा अडवणाऱ्यात ताण निर्माण होतो. म्हणून तडा दिसला की "किती तापले?" या प्रश्नाइतकाच "कोणी अडवले?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते दुरुस्तीचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे.

आधी दोन गणिते

घन पदार्थातले अणू जागच्या जागी सतत कंप पावत असतात. दोन अणूंना एकमेकांच्या अधिक जवळ दाबणे फार कठीण असते, तर किंचित दूर सरणे त्या मानाने सोपे असते. त्यामुळे उष्णतेने कंप वाढला की अणूंमधले सरासरी अंतर वाढते आणि सबंध वस्तू मोठी होते. ही वाढ किती, ते पदार्थागणिक बदलते. लक्षात ठेवायला सोपे माप असे की, एक मीटर लांबीची वस्तू १०० अंश सेल्सिअसने तापली तर भाजलेल्या विटेचे बांधकाम ०.५ ते ०.७ मिलिमीटर, काच ०.९, पोलाद १.२, तांबे १.७, ॲल्युमिनियम २.३ आणि सीपीव्हीसीचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) नळ ६ ते ७ मिलिमीटर वाढतो. काँक्रीटचा आकडा साधारण १ मिलिमीटर धरावा. खडी चुनखडीची असेल तर तो कमी होतो आणि क्वार्ट्झाइटची असेल तर १.२ ते १.३ पर्यंत जातो. पोलाद आणि काँक्रीट यांची वाढ जवळजवळ सारखी आहे, आणि आरसीसी (पोलादी सळई घातलेले काँक्रीट) नावाची गोष्ट शक्य झाली ती बऱ्याच अंशी या योगायोगामुळे, कारण तसे नसते तर दर उन्हाळ्यात सळईने आपल्याभोवतीचे काँक्रीट फोडले असते.

पहिले गणित लांबीचे आहे. वस्तूची मीटरमधली लांबी, तापमानातला फरक आणि वरचा आकडा यांचा गुणाकार करून १०० ने भागले की वाढ मिलिमीटरमध्ये मिळते. गच्चीचा स्लॅब १२ मीटर लांब आहे आणि जानेवारीची पहाट ते मे महिन्याची दुपार या काळात त्याच्या सबंध जाडीचे सरासरी तापमान ४५ अंशांनी बदलते असे धरले, तर वाढ ५.४ मिलिमीटर होते. मधला भाग जागेवर राहिला तर प्रत्येक टोक २.७ मिलिमीटर बाहेर सरकते. खालची विटांची भिंत सावलीत असते, ती इतकी तापत नाही, आणि तापली तरी वीट काँक्रीटपेक्षा कमी वाढते. म्हणजे भिंत जवळपास स्थिर, तिच्या डोक्यावरचा स्लॅब मात्र बाहेर सरकणारा, आणि दोघांमध्ये सिमेंटची घट्ट पकड, अशी ही परिस्थिती आहे. विटांच्या थरांमधला सांधा असा आडवा ओढा फारच थोडा सोसतो.

दुसरे गणित ताणाचे आहे. वस्तूला दोन्ही टोकांना पूर्ण जखडून तापवले तर निर्माण होणारा ताण हा स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थ किती ताठ आहे ते सांगणारा आकडा), प्रसरण गुणांक (दर अंशाला होणारी वाढ) आणि तापमानातला फरक यांच्या गुणाकाराइतका असतो. पोलादासाठी हा हिशोब दर अंशाला सुमारे २.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतो, आणि एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी सुमारे ०.२२. या गुणाकारात लांबी कुठेच नाही, याकडे लक्ष द्यावे. पूर्ण जखडलेली वस्तू एक मीटरची असो की एक किलोमीटरची, ताण तेवढाच असतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्या स्टेशनावरच पाहायला मिळते. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणाऱ्या, काही वर्षांपूर्वी बंद झालेल्या छोट्या गाडीच्या मार्गावर रुळांच्या तुकड्यांमध्ये फटी असत आणि प्रत्येक फटीवर चाकांचा आवाज होई. मोठ्या मार्गावर आता रूळ जोडून लांबच लांब केलेले असतात. स्लीपर, पकडी आणि खडी त्यांना धरून ठेवतात, त्यामुळे मधल्या भागात रूळ वाढतच नाही आणि ती वाढ बळाच्या रूपाने रुळात साठते. ६० किलो प्रकारच्या रुळाच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७,६८६ चौरस मिलिमीटर असते. तो ३० अंशांनी तापला तर एका रुळात सुमारे ५६ टनांचा दाब तयार होतो. म्हणूनच रूळ कोणत्या तापमानाला पकडीत घट्ट करायचा, हे रेल्वेत काळजीपूर्वक ठरवले जाते. त्या तापमानाला रूळ ताणरहित असतो. त्याहून तापला की दाब, त्याहून निवला की ओढ.

घराच्या स्लॅबलाही असेच एक ताणरहित तापमान असते, आणि ते म्हणजे काँक्रीट घट्ट होतानाचे तापमान. भर मे महिन्यात, दुपारी, तापलेली खडी आणि तापलेले पाणी वापरून ओतलेला स्लॅब आपले आयुष्य उंच तापमानापासून सुरू करतो. त्यानंतर बहुतांश काळ तो त्याहून थंडच असतो, म्हणजे सतत आकुंचन पावू पाहतो. काँक्रीट दाबाला बळकट आणि ओढीला दुबळे असते. एम-२० काँक्रीटची वाकवताना दिसणारी ओढ सोसण्याची क्षमता भारतीय मानकातल्या सूत्राप्रमाणे सुमारे ३.१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येते. तिला ०.२२ ने भागले तर उत्तर येते १४. पूर्ण जखडलेला स्लॅब केवळ १४ अंशांनी निवला तरी तो, हिशोबाने, तडकायला हवा. प्रत्यक्षात कोणताही स्लॅब इतका पक्का जखडलेला नसतो आणि ऋतूंसारख्या संथ बदलात काँक्रीट हळूहळू सैलावून ताण काहीसा कमी करते, म्हणून आपली छते टिकून आहेत. पण दिवस-रात्रीच्या बदलात आणि वळवाच्या पहिल्या सरीत अशी सवलत मिळत नाही.

तापमान नक्की कसे मोजावे

हवेचे तापमान आणि गच्चीचे तापमान या वेगळ्या गोष्टी आहेत. हवा ४५ अंशांवर असताना काळवंडलेल्या गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज जातो. आणि निरभ्र थंड रात्री तोच पृष्ठभाग उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षाही थंड होतो. त्यामुळे वर्तमानपत्रातला आकडा हिशोबात घेऊ नये. पिस्तुलाच्या आकाराचा इन्फ्रारेड थर्मामीटर फार महाग नसतो आणि घरगुती तपासणीला पुरतो. फक्त चकचकीत धातूवर, म्हणजे नव्या पत्र्यावर, स्टीलच्या टाकीवर किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर तो चुकीचे, बहुधा खूपच कमी तापमान दाखवतो. तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून, थोडा वेळ थांबून, त्या पट्टीवर मोजणी करावी.

एका दिवसात गच्चीच्या वरच्या पृष्ठभागाचे माप सूर्योदयापूर्वी आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमारास घ्यावे. खोलीच्या आतून छताचे माप याच वेळांना, आणि शिवाय संध्याकाळी उशिरा घ्यावे, कारण उष्णता स्लॅबच्या जाडीतून खाली पोचायला काही तास लागतात आणि छताची खालची बाजू सर्वांत गरम होते ती ऊन उतरल्यानंतर. हे मोजमाप एकदा नवतप्याच्या दिवसांत आणि एकदा जानेवारीतल्या थंडीत केले की वर्षाचा पल्ला हाती येतो. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांची सरासरी ही पहिल्या गणितासाठी वापरायची.

दोन पृष्ठभागांतला फरकही वेगळा टिपून ठेवावा. स्लॅब १२ सेंटिमीटर जाड आहे आणि दुपारी वरची बाजू खालच्यापेक्षा १५ अंश गरम आहे असे धरले, तर वरची बाजू अधिक वाढल्यामुळे स्लॅब वर फुगू पाहतो; मोकळ्या टेकलेल्या ४ मीटरच्या गाळ्यात ही उचल सुमारे २.५ मिलिमीटर भरते. रात्री उलटे होते आणि कोपरे वर उचलले जाऊ पाहतात. खोलीच्या कोपऱ्याजवळ छताखालचा तडा अधिक रुंद दिसण्याचे हे एक कारण आहे.

तड्याची नोंदवही

तड्यावर काचेची पट्टी चिकटवायची जुनी रीत आहे. ती वाईट नाही, पण काच फक्त एवढेच सांगते की हालचाल झाली. किती झाली आणि परत आली की नाही, हे सांगत नाही. त्यापेक्षा तड्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून साधारण १० सेंटिमीटरवर, दोन बारीक स्क्रू भिंतीत पक्के बसवावेत आणि त्यांच्या डोक्यांमधले अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजावे. तडा आडवा असेल तर एक स्क्रू वर आणि एक खाली बसवावा, आणि बाजूला तिसरा स्क्रू बसवला तर स्लॅब भिंतीवरून सरकतो आहे का, तेही कळते. प्रत्येक मोजणीसोबत तारीख, वेळ आणि गच्चीचे तापमान लिहावे. मोजणी एकाच व्यक्तीने, एकाच कॅलिपरने करावी.

नोंदी जमल्या की त्यांचे वाचन कठीण नसते. अंतर तापमानाबरोबर वाढते-घटते आणि फिरून मूळ आकड्याजवळ येते, तर तडा तापमानाचा आहे आणि जिवंत आहे. अंतर ऋतूची पर्वा न करता एकाच दिशेने वाढत राहते, तर शंका पायाकडे किंवा एखाद्या दुबळ्या झालेल्या आधाराकडे न्यावी. पावसाळ्यानंतर बदल होत असेल तर माती आणि ओल तपासावी. आणि अंतर कितीही वेळा मोजले तरी हलतच नसेल, तर तो बांधकाम नवे असताना काँक्रीट किंवा गिलावा सुकताना पडलेला जुना तडा असतो. तो साध्या पुट्टीने भरला तरी चालतो.

कोणता तडा कोणत्या ऋतूत रुंदावतो, हेही बोलके असते. स्लॅब फैलावून भिंतीला ढकलतो आहे असे असेल तर भिंतीतला तडा उन्हाळ्यात रुंद होतो. स्लॅब स्वतः आकसताना तडकलेला असेल तर त्याच्यातली चीर हिवाळ्यात रुंद होते आणि उन्हाळ्यात जवळजवळ मिटते. अशा घरांत माघातल्या अवेळी पावसात छत गळते आणि आषाढात गळत नाही, हे ऐकायला विचित्र वाटले तरी त्यामागचे कारण एवढेच आहे.

तड्याची जागाही पाहावी. तापमानाचे तडे प्रामुख्याने सर्वांत वरच्या मजल्यावर, लांब भिंतींच्या टोकांशी, दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बाजूला, आणि खिडकी-दारांच्या कोपऱ्यांपासून तिरके जाणारे असे असतात. तळमजल्यावर तडा आहे आणि वरचा मजला स्वच्छ आहे, असे दिसले तर कारण बहुधा दुसरे असते.

अडवणूक शोधणे

आता गच्चीवर जाऊन स्लॅबच्या चारही कडा पाहाव्यात आणि प्रत्येक कडेला तो कशाला भिडला आहे, ते कागदावर काढावे. जिन्याच्या खोलीची भिंत, पाण्याच्या टाकीचा चौथरा, शेजारच्या घराची सामाईक भिंत, नंतर वाढवलेल्या खोलीचा स्लॅब: यांतली प्रत्येक गोष्ट एका बाजूची हालचाल थांबवते, आणि मग सगळी हालचाल उरलेल्या मोकळ्या बाजूला जाते. वर काढलेल्या उदाहरणात एक टोक जिन्याच्या जड खोलीने धरले असेल तर दुसरे टोक २.७ ऐवजी पूर्ण ५.४ मिलिमीटर सरकेल. लष्करातल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांमध्ये हेच फार घडते. तडा एका बाजूलाच का, याचे उत्तर पुष्कळदा शेजाऱ्याच्या भिंतीत असते, आणि त्यावरून वाद करण्याआधी हा नकाशा काढलेला बरा.

कठडा विसरू नये. तो पातळ असतो, दोन्ही बाजूंनी उन्हात असतो आणि तळाशी स्लॅबला चिकटलेला असतो. सलग लांब कठडा उन्हाळ्यात कोपऱ्यावर बाहेर ढकलला जातो. कोपऱ्यातली उभी चीर आणि तिथून भिंतीत मुरणारे पाणी हा त्याचा परिणाम आहे.

दुरुस्ती: आधी ताप कमी, मग तडा

क्रम महत्त्वाचा आहे. तड्याला हात लावण्यापूर्वी स्लॅबचा तापमानाचा पल्ला कमी करावा, कारण पल्ला निम्मा झाला तर हालचालही निम्मी होते आणि भरलेला सांधा टिकण्याची शक्यता वाढते. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा थर देणे: चुन्याचा किंवा बाजारात मिळणाऱ्या ऊन परतवणाऱ्या रंगाचा. ताजा पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत पाठवतो, आणि दुपारच्या तापमानात दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. ग्वाल्हेरच्या धुळीत तो काळवंडतो, म्हणून गच्ची अधूनमधून धुतली पाहिजे आणि चुना दरवर्षी दिला पाहिजे.

अधिक टिकाऊ उपाय म्हणजे स्लॅबच्या वर उष्णतारोधक थर: विटांच्या तुकड्यांचा कोबा, किंवा एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनचे ५० मिलिमीटर जाडीचे तक्ते आणि त्यावर फरशी. कोब्याचे वजन मोठे असते. १० सेंटिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलोच्या घरात जातो, म्हणून जुन्या छतावर तो घालण्यापूर्वी अभियंत्याचे मत घेणे आवश्यक आहे. इथे एक गोष्ट फार ठामपणे सांगावीशी वाटते. खोलीत थंडावा यावा म्हणून छताच्या खालून फॉल्स सीलिंग आणि उष्णतारोधक लादी लावण्याची रीत वाढली आहे. खोली त्याने थंड होते, हे खरे. पण स्लॅबला खालून उष्णता सोडायला जागा राहत नाही, तो पूर्वीपेक्षा अधिक तापतो आणि भिंतीवरचा ताण वाढतो. रोधक थर नेहमी स्लॅबच्या वरच असावा.

उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायची आपल्याकडे सवय आहे. ते सूर्य मावळल्यावर, गच्ची थोडी निवल्यावर शिंपडावे. ६० अंशांवरच्या पृष्ठभागावर एकदम गार पाणी ओतले तर वरचा पातळ थर आकसू पाहतो आणि खालचे तापलेले काँक्रीट त्याला आकसू देत नाही. तिथे ३० अंशांच्या फरकाला ६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरहून अधिक ओढ तयार होते, जी काँक्रीटच्या क्षमतेच्या दुप्पट आहे. गच्चीवर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात त्या पुष्कळदा यामुळे.

त्यानंतर तडा. जिवंत तडा सिमेंटने किंवा पुट्टीने भरणे म्हणजे तोच तडा दोन बोटे बाजूला सरकवणे आहे. त्या जागी सरळ, स्वच्छ खाच पाडून तिला सांध्याचे रूप द्यावे आणि लवचीक सीलंट भरावे. उन्हात राहणाऱ्या जागी पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड, आणि रंग द्यायचा नसेल तिथे सिलिकॉन. खाचेची रुंदी हालचालीवरून ठरते. सीलंट त्याच्या रुंदीच्या २५ टक्के हालचाल सोसणारे असेल आणि नोंदवहीत ३ मिलिमीटर हालचाल मिळाली असेल, तर खाच किमान १२ मिलिमीटर रुंद हवी. सीलंटची खोली रुंदीच्या साधारण निम्मी ठेवावी आणि तळाशी फोमची गोल दोरी घालावी, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटेल. तिसऱ्या, तळाच्या बाजूला चिकटले तर ते ताणले न जाता फाटते. दुकानदार ही दोरी अनावश्यक म्हणून सांगतात, पण सांधा टिकतो तो तिच्यामुळेच. भरण्याची वेळ फेब्रुवारीची अखेर ते मार्च, किंवा दिवाळीनंतरचे दिवस. त्या वेळी फट मधल्या रुंदीची असते, त्यामुळे सीलंटला दोन्ही दिशांना सारखी मोकळीक मिळते.

आतल्या बाजूला छत आणि भिंत यांचा गिलावा सलग ठेवू नये. दोघांच्या मध्ये १० मिलिमीटरची सरळ खोबण सोडली तर हालचाल त्या खोबणीत लपते आणि वेडीवाकडी रेघ उमटत नाही. कॉलम-बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे गिलाव्याआधी २० ते ३० सेंटिमीटर रुंदीची चिकन जाळी दोन्हीवर सारखी पसरवून खिळ्यांनी घट्ट बसवावी. लांब कठड्याला पाच-सहा मीटरवर पूर्ण जाडीची उभी फट देऊन ती सीलंटने बंद करावी.

चुन्याची भिंत, पटियाचे छत

लष्कराची वस्ती १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वाढली आणि तिथली अनेक जुनी घरे दगड-विटा आणि चुना यांची आहेत. चुन्याचा सांधा सिमेंटपेक्षा मऊ असतो. थोडी हालचाल तो अनेक सांध्यांत वाटून घेतो, आणि बारीक चिरा पावसाच्या पाण्याबरोबर विरघळून पुन्हा जमणाऱ्या चुन्याने काही प्रमाणात आपोआप भरतातही. अशा भिंतीचे सांधे कडक सिमेंटने भरले की ती लवचीकता जाते. मग हालचाल एकाच जागी गोळा होते आणि सांध्याऐवजी दगडच फुटतो. जुन्या चुन्याच्या भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच करावी, याबाबत तडजोड करू नये.

या घरांत लोखंडी गर्डरवर वालुकाश्मी दगडाच्या पट्ट्या टाकलेली छते आढळतात. इथे सगळे त्यांना पटियाच म्हणतात. ५ मीटरचा गर्डर २० अंशांनी तापला तर १.२ मिलिमीटर वाढतो. १५० मिलिमीटर उंचीच्या प्रचलित गर्डरच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस मिलिमीटर असते. त्याची टोके भिंतीत सिमेंटने पूर्ण ठासली असतील तर तेवढ्याच तापमानाला नऊ टनांच्या आसपास दाब तयार होऊ पाहतो. भिंत अर्थातच त्याआधीच सरकते, आणि गर्डरच्या टोकाशी बाहेरच्या बाजूला चार-दोन दगड पुढे आलेले दिसतात. गर्डरचे टोक लोखंडी किंवा दगडी बैठकीवर टेकलेले असावे आणि त्याच्या पुढे १०-१२ मिलिमीटर मोकळी जागा असावी. पण असे फुगलेले दगड पाहिल्यावर आधी गंज तपासावा, कारण गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि त्याचा परिणाम अगदी असाच दिसतो. तापमानाची हालचाल ऋतूबरोबर मागे येते, गंजाची कधीच येत नाही.

नवे घर बांधत असाल तर

भारतीय मानक ४५६ प्रमाणे ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला प्रसरण सांधा द्यावा लागतो. आपली बहुतेक घरे त्याहून खूपच लहान असतात, आणि त्यामुळे "आपल्याला सांध्याची गरज नाही" असे समजले जाते. सबंध इमारतीपुरते ते बरोबर आहे. पण स्लॅब आणि त्याखालच्या भिंतीचा प्रश्न १० मीटरच्या घरातही उरतोच. भिंतींवर उभे राहणारे घर असेल तर भिंतीचा माथा सिमेंटने गुळगुळीत करून, त्यावर डांबरी कागदाचे किंवा जाड पॉलिथीनचे दोन थर टाकून मग स्लॅब ओतावा, म्हणजे तो भिंतीवर घसरू शकतो. हा घसरता थर आणि भूकंपासाठी दिले जाणारे पट्टे यांचा मेळ घालणे हे आराखडा करणाऱ्या अभियंत्याचे काम आहे, मिस्त्रीच्या भरवशावर ते सोडू नये. कॉलम-बीमच्या घरात अशा थराचे काम नाही. तिथे भिंत आणि तिच्यावरची बीम यांच्यामध्ये लवचीक भरणीची पातळ फट ठेवावी आणि भिंतीचा शेवटचा थर शक्य तितका उशिरा लावावा.

स्लॅबमध्ये मुख्य सळयांना आडव्या बांधलेल्या सळया काही ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी विरळ केल्या जातात. त्या केवळ जाळे धरून ठेवण्यासाठी नसतात. तापमान आणि सुकण्यामुळे येणारी ओढ त्याच वाटून घेतात. टॉर किंवा टीएमटी सळई वापरताना छेदाच्या ०.१२ टक्के हे मानकातले किमान प्रमाण आहे. १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबला त्याचा अर्थ दर मीटरला १४४ चौरस मिलिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या सळया ३० सेंटिमीटरवर, आणि ग्वाल्हेरच्या उन्हात ते अंतर २० पर्यंत आणण्याचा खर्च मला योग्य वाटतो. स्लॅब शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये ओतावा. उन्हाळा टाळता येत नसेल तर काम पहाटे किंवा संध्याकाळी घ्यावे, खडी सावलीत ठेवून भिजवावी, गार पाणी वापरावे आणि तराई (काँक्रीट ओले ठेवणे) पहिल्या दिवसापासून ओल्या पोत्यांखाली करावी.

नळ, फरशी, काच

गच्चीवरून जाणारा १० मीटरचा सीपीव्हीसी नळ ४० अंशांच्या फरकाला २४ ते २८ मिलिमीटर वाढतो. त्याच्या पकडी नळाला घट्ट आवळणाऱ्या नसाव्यात, नळ त्यातून सरकला पाहिजे, आणि लांब सरळ ओळीत एखादे वळण किंवा चौकोनी वळसा मुद्दाम ठेवावा. टाकीला जिथे नळ जोडलेला असतो तिथली गळती पुष्कळदा वॉशरमुळे नसून या ताणामुळे असते.

गच्चीवरच्या फरश्या एकमेकींना भिडवून बसवू नयेत. दोन फरश्यांमध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट, दर तीन-चार मीटरवर लवचीक सांधा, आणि कठड्याजवळ चारही बाजूंनी मोकळी पट्टी हवी. नाहीतर भर उन्हात दोन फरश्या तंबूसारख्या वर उठतात.

साध्या काचेत मधला भाग आणि चौकटीत दबलेली कड यांच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर कडेला सुमारे २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ओढ येते, आणि कड खडबडीत कापलेली असेल तर काच तिथूनच तडकते. पश्चिमेच्या साध्या काचेवर गडद फिल्म चिकटवणे किंवा तिच्या अगदी जवळ जाड पडदा अर्धाच लावणे हे म्हणून टाळावे. फिल्म हवीच असेल तर टफन्ड काच बसवावी, जी याच्या कितीतरी पट फरक सोसते.

अभियंत्याला कधी बोलवावे

तडा ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, भिंतीच्या आरपार गेला असेल, तड्याच्या दोन बाजू एकमेकींच्या पुढे-मागे झाल्या असतील, दार-खिडक्या अडकू लागल्या असतील, बीममध्ये किंवा कॉलममध्ये तडा असेल, किंवा छताचे काँक्रीट सुटून सळई दिसत असेल, तर नोंदी पूर्ण होण्याची वाट पाहू नये. अभियंत्याला नोंदवही, गच्चीचा नकाशा आणि तड्याजवळ पट्टी धरून काढलेली छायाचित्रे एकत्र द्यावीत. बहुतेक अभियंते एका भेटीत घर पाहतात आणि त्या दिवशीच्या तापमानाला जे दिसते त्यावरून मत देतात. जानेवारी आणि मे या दोन्ही महिन्यांतली मापे समोर असली तर त्यांचे काम सोपे होते आणि त्यांचा सल्ला अधिक नेमका येतो.